पुस्तकातील शब्द परस्पर बदलल्याबाबत व विक्रीचा हिशोब न दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
लेखक सेवा विभाग

महोदय,

मी धारूर तालुक्यातली (जि. बीड), ऊसतोड कामगाराची मुलगी. आई-वडिलांबरोबर फडावर काढलेल्या वर्षांचं पुस्तक मी तुमच्याकडे छापायला दिलं. १६० पानं, म्हणजे दहा फर्मे, प्रती ५००. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि वितरण धरून ४८,००० रुपये तीन हप्त्यांत भरले. पदरचे पैसे घालून पुस्तक काढल्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची पहिली पुस्तकं अशीच निघाली.

पण पान ४७ उघडून बघा. मी लिहिलं होतं, ‘माय गेली त्या साली आण्णा अर्धा कोयता म्हणून टोळीत गेले.’ छापलंय, ‘आई गेली त्या वर्षी आण्णा मोडका कोयता घेऊन टोळीत गेले.’

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो ती कोयत्यावर. जोडीतलं एक गेलं की मागं उरलेला माणूस अर्धा कोयता. हे एक वाक्य लिहायला मला कित्येक वर्षं लागली.

आण्णांना वाचता येत नाही. पुस्तकं आली त्या संध्याकाळी ओसरीवर बसून मी त्यांना वाचून दाखवत होते. या ओळीला त्यांनी हात वर केला. म्हणाले, ‘मोडका कोयता घिऊन मी कवा फडात गेलतो गं?’ मला पुढं वाचवलं नाही.

कारखान्याच्या तळावरची आमची झोपडी म्हणजे कोपी. तिची पुस्तकभर ‘कॉपी’ झाली आहे. वाढं म्हणजे उसाचे शेंडे, बैलांचा चारा. ‘बैलांना वाढं टाकलं’ याचं ‘बैलांना वाढलं’ झालंय.

पहिल्या प्रूफात हे शब्द जसेच्या तसे होते. मी सही करून ते परत पाठवलं. अंतिम प्रूफ दाखवून मंजुरी घेण्याचं कलम करारात आहे, पण ते प्रूफ आलंच नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘प्रमाणभाषेत केलंय, वाचकाला कळायला हवं.’ त्यासाठी तळटीप देता आली असती. मला नुसतं विचारलं असतं तरी मी दहा ओळी लिहून दिल्या असत्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याच्या नावे केले तरी, आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मजकुराची मोडतोड झाल्यास लेखक दाद मागू शकतो.

आता हिशोबाचं. ५० प्रती मला मिळाल्या, ४५० तुमच्याकडे वितरणासाठी राहिल्या. दर सहा महिन्यांनी विक्रीचा तपशील द्यायचा होता. चौदा महिन्यांत एकदाही आला नाही. बीड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगरला मी स्वतः दुकानांत चौकशी केली, पुस्तक कुठंच नव्हतं. ५०० प्रती खरंच छापल्या का, हे छापखान्याचं बिल बघितल्याशिवाय मी मानणार नाही. आयएसबीएनचे म्हणून ३,००० रुपये घेतलेत. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवण्याचं बंधन १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकावर आहे. ती पाठवली असेल तर पोच दाखवा.

शिल्लक प्रतींची विक्री आजपासून थांबवा. पहिल्या प्रूफाप्रमाणे मजकूर दुरुस्त करून पुस्तक तुमच्या खर्चानं पुन्हा छापा, मला दिलेल्या ५० प्रतीही बदलून द्या. छापखान्याचं बिल, विक्रीचा हिशोब आणि आयएसबीएनचे ३,००० रुपये पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत मिळाले पाहिजेत. नाही तर सेवेतील त्रुटीबद्दल मी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो तिथं ती करता येते, त्यामुळं मला तुमच्या शहरात खेटे घालावे लागणार नाहीत.

आण्णा अजून विचारतात, ती ओळ नीट झाली का म्हणून.

आपली,
लेखिका
ता. धारूर, जि. बीड

सोबत : करार, पैसे भरल्याच्या तीन पावत्या, सही केलेल्या पहिल्या प्रूफातील पान ४७ ची झेरॉक्स