गाडीची काळजी सोडा आणि या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा तेच म्हणालात, "गाडी उघड्यावर टाकून तीन-चार महिने तुझ्याकडे कसं यायचं?" गॅरेज नाही हे मान्य. पण गाडीपायी तुम्ही दोघांनी ऐन कडाक्यात तिथे कुडकुडत बसायचं, आणि आईनं गुडघे चोळत दिवस काढायचे, हे मला पटत नाही. फोनवरच्या वादात तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. लिहिलेलं निदान चष्मा लावून शेवटपर्यंत वाचता.

थंडीचं नाव उगाच बदनाम आहे, बाबा. उभी गाडी खराब होते ती ओलीनं, उंदरांनी आणि अर्धवट काळजीनं. त्यातही अर्धवट काळजी सगळ्यात वाईट, आणि तुमचा नेमका तोच बेत आहे. शेजारच्या काकांकडे चावी द्यायची आणि त्यांनी दर रविवारी येऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. काका बिचारे येतीलही. पण एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नीट पळाली, सायलेन्सर चांगला तापला, की ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत काहीच तापत नाही. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि आठवडाभर तिथेच बसून गंज चढवतं. बॅटरीचंही तेच. थंड इंजिनाला सेल मारताना ती जेवढी खर्ची पडते, तेवढं जागेवर पाच मिनिटं घुरघुरून भरून येत नाही. म्हणजे दर रविवारी बॅटरी थोडी थोडी उतरत जाणार आणि आपण समजणार की गाडीची काळजी घेतली जातेय. अर्धा तास रस्त्यावर नीट चालवून आणणारं कोणी असेल तर प्रश्न नाही. काका वाहतुकीत गाडी घालणार नाहीत, आणि घालूही नयेत. तेव्हा त्यांना सांगा, चावीला हातच लावू नका. आठवड्यातून एकदा कव्हर जागेवर आहे का आणि टायर बसलेत का, एवढं बाहेरून बघितलं तरी पुष्कळ.

आता बॅटरी. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण उभ्या गाडीची दहातली आठ रडगाणी इथूनच सुरू होतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा कान हे सगळं जागं असतं आणि गुपचूप करंट ओढत राहतं. पन्नास मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीत साठलेल्या विजेचं माप) जातात. आपल्या गाडीसारखी ४५ अँपिअर-अवरची बॅटरी त्या हिशेबानं सव्वा महिन्यात पार रिकामी होईल, आणि सेल न घेण्याइतकी अशक्त तर त्याच्या कितीतरी आधी. वर थंडीत बॅटरीची ताकद तशीही कमी होते. पण खरा धोका पुढेच आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे पन्नासच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र ॲसिड इतकं पातळ होतं की उणे सात-दहालाच त्याचा बर्फ होतो, आतल्या प्लेटा वाकतात, डबा तडकतो. म्हणजे भरलेली बॅटरी बाहेर खुशाल राहते आणि रिकामी फुटते, तीही त्याच रात्री, त्याच अंगणात. आणि बॅटरी गोठल्याचा नुसता संशय जरी आला तरी तिला चार्जर लावायचा नाही, स्फोट होऊ शकतो.

म्हणून निघण्यापूर्वी मेकॅनिककडून बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. चार्जिंगनंतर काही तास तशीच राहू द्या आणि मग मीटर लावून बघायला सांगा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दिसलं पाहिजे. १२.४ दिसलं तर ती पाऊणच भरलीय. १२ च्या आसपास असेल आणि बॅटरी पाच वर्षांची जुनी असेल, तर वसंतात नवी घ्यायचीच आहे असं समजा.

चार्ज झाल्यावर तिची निगेटिव्ह केबल काढून ठेवायची. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा नुसता रिवाज नाही. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर निगेटिव्ह जोडलेली असताना ठिणग्यांचा पाऊस पडतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असली की पाना कुठे का टेकेना. सुटलेली केबल बाजूला वळवून तिच्या टोकाला जाड कापड गुंडाळा, नाहीतर ती आपोआप परत टर्मिनलवर येऊन टेकते. बॅटरी उचलून घरात आणायचा विचार मात्र करू नका. ती बारा-पंधरा किलोची असते आणि तुमच्या कमरेचं तुम्हाला ठाऊकच आहे. केबल सुटलेली असली की थंडीत ती आपणहून फार हळू उतरते, जागेवर राहिली तरी चालेल.

एक गंमत आधीच लक्षात ठेवा. केबल काढली की रिमोट मुका होतो. त्यामुळे बाकीचे तिन्ही दरवाजे आधी आतून लॉक करायचे, डिकी बंद करायची, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरचा दरवाजा चावीनं. रिमोटच्या पोटात जी लोखंडी चावी लपलेली असते ती आजच बाहेर काढून कुलपात फिरवून बघा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप अडकून बसलेलं असतं, आणि बॉनेट उघडायची खटकी तर गाडीच्या आत! आत जाता आलं नाही तर बॅटरीपर्यंतही पोचता येणार नाही. कुलपात थोडं वंगण सोडा. डिकीची खटकी विजेवर चालत असेल तर तिच्यात काही ठेवू नका. आणि हो, परत जोडल्यावर घड्याळ बारा वाजता उभं असेल, रेडिओची स्टेशनं पुसलेली असतील. तेवढ्यानं घाबरायचं नाही.

गाडी कुठे उभी करायची, हा आईशी वादाचा विषय होणार हे मला दिसतंय. आई, तुला ती झाडाखाली बरी वाटते, पण नको. चीक, पक्ष्यांची घाण, वाऱ्यानं मोडलेली फांदी हे तर आहेच, पण त्याहून त्रास वाळल्या पानांचा. समोरच्या काचेच्या बुडाशी, वायपरखाली, जाळीची पट्टी असते ना, तिथून पावसाचं पाणी खाली निघून जायला वाटा असतात. पानं तिथे कुजून चिखल झाला की वाट बुजते आणि पाणी आत पायाशी उतरतं. मग सीटखालचा गालिचा ओला, त्यावर बुरशी, आणि तो कुबट वास सहा महिने जात नाही. निघण्याआधी बॉनेट उघडून तिथली पानं बोटांनी काढून टाका. आणि गाडी मातीवर किंवा गवतावर नको, खालची ओल सतत वर येते आणि पत्रा बुडापासून गंजतो. फरशी किंवा काँक्रीट असेल त्या कोपऱ्यात, शक्यतो वाऱ्याच्या आडोशाला.

कव्हरचं म्हणाल तर ताडपत्री टाकू नका. हे अगदी ठासून सांगते. प्लास्टिक ओल आत कोंडतं, आणि वाऱ्यावर फडफडून रंगावर बारीक ओरखडे काढतं ते वेगळंच. हवा खेळणारं, गाडीच्या मापाचं कापडी कव्हर मिळालं तर घ्या आणि खालून पट्टे आवळा. नाही मिळालं तर उघडी ठेवलेली परवडली. उघडी ठेवायची असेल तर स्वच्छ धुवून, पुसून, पूर्ण वाळवून, मेणाचं पॉलिश लावून ठेवा. कव्हर घालायचं असेल तरी आधी धुणं आलंच, कारण कव्हरखाली राहिलेली धूळ म्हणजे पॉलिशपेपरच. वायपरची पाती काचेवरून उचलून उभी ठेवा किंवा काच आणि रबर यांच्यामध्ये फडकं घाला, नाहीतर रबर काचेला चिकटतं. दाराच्या रबरी कडांना सिलिकॉनचं वंगण चोळा, गोठलेलं दार ओढलं की रबर फाटून हातात येतं.

आणि उंदीर! थंडीत त्यांना ऊब हवी असते आणि एअर फिल्टरचा डबा म्हणजे तयार घरटंच. वायरींच्या प्लास्टिकवर ते दात साफ करतात, आणि वायरिंगची दुरुस्ती हे सगळ्यात कटकटीचं काम. आई, यात तुझी नजर लागेल. गाडीत खाण्याचा कणही ठेवायचा नाही. बिस्किटाचा चुरा, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बाबांच्या दाराच्या खणातले शेंगदाणे, सगळं बाहेर. कागद, चिंध्या, गाडी पुसायचं जुनं फडकं हेसुद्धा, कारण घरट्याला तेच लागतं. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडात भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा बोळा बसवा. पण बोळे बसवले की कागदावर मोठ्या अक्षरात 'सायलेन्सर आणि एअर नळीतले बोळे काढा' असं लिहून तो स्टिअरिंगला चिकटवा. तीन महिन्यांनी कोणालाही आठवत नाही, आणि तसंच चालू केलं तर इंजिन गुदमरतं. गाडीभोवती सरपणाचा किंवा पाल्यापाचोळ्याचा ढीग राहू देऊ नका.

टायरचं थोडक्यात. हवा थंड झाली की दाब उतरतो, साडेपाच अंशांमागे साधारण एक पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप). म्हणून जाताना नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त भरून ठेवा, पण टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. फार दिवस एकाच जागी उभं राहिल्यानं टायरला खाली सपाट चट्टा पडतो. बहुतेकदा तो चालवल्यावर मोडतो. पहिले काही किलोमीटर गाडी थडथडली तर तेवढ्यापुरतंच.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या चाकांचे लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ओलीनं ड्रमला धरून बसतात आणि मग गाडी जागची हलत नाही. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं थंडीत पाणी होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ते पाणी धरून ठेवतं. पेट्रोल टिकवायचं स्टॅबिलायझर मिळालं तर टाकीत घालून दहा मिनिटं गाडी फिरवा, म्हणजे ते पाइपांपर्यंत पोचेल. ऑइल बदलायला झालंच असेल तर परतल्यावर नाही, आत्ताच बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल इंजिनात तीन महिने का ठेवायची?

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव, तपासून घ्या, हे विसरू नका. उन्हाळ्यात कोणी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी वाढवत गेलं असेल तर धोका आहे. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकतं. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत टिकतं. जास्त घालून जास्त फायदा होतो असं मात्र नाही. निव्वळ ग्लायकोल, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, उणे तेराच्या सुमाराला गोठतं, मिश्रणापेक्षा कितीतरी आधी. मेकॅनिक 'पूर्ण कॉन्सन्ट्रेट घालू का' म्हणाला तर नाही म्हणा. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणी फवारे मारून संपवून टाका.

विमा बंद करू नका. गाडी चालत नसली तरी चोरी, आग, पडलेली फांदी यांना सुट्टी नसते.

परतल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. आधी तो कागद वाचून बोळे काढा, बॉनेट उघडून घरटं झालंय का बघा, गाडीखाली ऑइलचा किंवा कूलंटचा डाग आहे का बघा, टायरची हवा बघा, मग बॅटरी जोडा. पहिल्या वळणापर्यंत ब्रेक करकरतील. डिस्कवर चढलेला तो नुसता वरवरचा तांबडा गंज असतो, चार-सहा वेळा ब्रेक दाबले की निघून जातो. पेडल मात्र खोल जात असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि मेकॅनिकलाच घरी बोलवा.

यातलं धुणं, हवा, ऑइल, कूलंट आणि पेट्रोल निघण्याच्या आठवड्यात उरका. बॅटरीची केबल आणि बोळे मात्र अगदी आदल्या दिवशी, म्हणजे तोवर गाडी वापरता येईल. त्या कामाला मेकॅनिकला घरी बोलवा, तुम्ही वाकू नका, बाजूला उभं राहून त्याला हा कागद वाचून दाखवा. आणि स्टेशनपर्यंत गाडीनं जाऊन ती तिथेच लावायची टूम काढू नका. टॅक्सी मी इथून ठरवते.

तुमची,
लेक