वरच्या टेबलावर बसण्याआधीचा हिशेब

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गोव्याच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोंवर आलेल्या लेखात पोकर खेळणाऱ्यांना जाता जाता एक सल्ला दिला होता: आणलेले पैसे दुप्पट झाले की मोठ्या ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधी सक्तीने टाकायच्या रकमेच्या) टेबलावर बसावे. बाकी लेख चांगला होता, पण हा सल्ला वाचून कुणी खरेच तसे बसले तर त्याचे पैसे जातील, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट. पैशांवरचा ऑनलाइन खेळ आता हिशेबात धरण्यात अर्थ नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून त्यावर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच त्यात ठेवलेला नाही. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे इथल्या माणसाने कायदेशीरपणे पोकर खेळायचे तर बहुधा गोवा गाठायचा. तिथे टेबलावर खराखुरा डीलर पत्ते वाटतो आणि तासाला साधारण 30 हात, म्हणजे डाव, होतात. हा 30 चा आकडा लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

उदाहरणाला 50/100 चे टेबल घेऊ. दोन ब्लाइंडांपैकी मोठा, म्हणजे बिग ब्लाइंड, 100 रुपयांचा; 100 ब्लाइंडचा एक बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम, 10,000 चा. 100/200 वर तोच 20,000 चा. लेखातला सल्ला या भाषेत मांडला तर तो असा होतो: एक बाय-इन जिंकलात की वर जा. पण एक बाय-इन म्हणजे काय, तर तुमच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, आणि दोघांचे सगळे पैसे मध्ये. असा एक हात पुरतो. त्यातून तुमच्या खेळाबद्दल काहीही कळत नाही.

नो-लिमिट होल्डममध्ये (हातात दोन पत्ते, लावायच्या रकमेला मर्यादा नाही) 100 हातांमागे निकाल साधारण 90 बिग ब्लाइंडच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे सरासरीपासूनच्या चढउताराच्या मापाने, वर-खाली होतो. कुणी 300 तास बसला, म्हणजे सुमारे 9,000 हात खेळला, आणि वहीत 100 हातांमागे 8 बिग ब्लाइंडचा नफा दिसला, तर त्याचा खरा वेग, म्हणजे 100 हातांमागचा नफा, उणे 11 पासून अधिक 27 पर्यंत कुठेही असू शकतो. तीनशे तास म्हणजे दर शनिवार-रविवार सहा-सहा तास बसून जवळपास सहा महिने! तेवढे करूनही आपण जिंकणारे खेळाडू आहोत की नाही हे आकडा सांगत नाही. म्हणून वही ठेवायचीच (तारीख, तास, ब्लाइंड, बाय-इन किती, उठताना किती), पण त्यातून निघालेल्या वेगाचा निम्माच खरा मानून पुढची आकडेमोड करायची.

ती आकडेमोड कठीण नाही. बँकरोल, म्हणजे खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम, बिग ब्लाइंडमध्ये मोजा, त्याला 100 हातांमागच्या नफ्याने गुणा, दुप्पट करा आणि विचलनाच्या वर्गाने, म्हणजे 8,100 ने, भागा. मग ई या स्थिरांकाचा तेवढा ऋण घात काढा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही येतो. सगळे पैसे कधी ना कधी संपण्याची शक्यता ती हीच. वीस बाय-इन, म्हणजे 2,000 ब्लाइंड, हाताशी असतील आणि वेग 10 असेल तर ही शक्यता 0.7 टक्के येते. वेग 5 असेल तर 8.5 टक्के आणि अडीच असेल तर 29 टक्के. वेग निम्म्यावर आला की धोका दुप्पट होईल असे वाटते. इथे तो जवळपास बारापट झाला. वरच्या टेबलावर नेमके हेच घडते. तिथले लोक कमी चुका करतात, वेग घसरतो आणि खाली ऐसपैस वाटणारे वीस बाय-इन अपुरे पडतात. शिवाय हे गणित त्या पैशांतून घरखर्चाला एक रुपयाही काढायचा नाही असे धरून आहे.

बँकरोल म्हणजे काय हेही एकदा स्पष्ट असावे. बँकेत पडलेले सगळे पैसे म्हणजे बँकरोल नव्हे. गेले तर हप्ता, भाडे, फी, औषधपाणी यांतले काहीही अडणार नाही एवढीच रक्कम. उसने आणलेले तर नाहीच. पुण्या-मुंबईच्या खासगी बैठकांत फोनवर सांगून उधारीच्या चिप्स मिळतात. तिथे कायद्याचा प्रश्न आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेही ती सोय घातक आहे, कारण उधारी चालू असली की आपण किती बाय-इन हरलो हे माणूस मोजायचेच सोडतो.

आता कर, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. कॅसिनोवरचा 28 टक्के जीएसटी 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर लागू झाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. पोकरच्या टेबलावर तो तुमच्याकडून कसा घेतला जातो, चिप्सच्या वर की आतून, की कॅसिनो स्वतः सोसतो, हे काउंटरवर आधीच विचारा. वरून घेत असतील तर 100 ब्लाइंडच्या बाय-इनवर 40 ब्लाइंड पत्ता हातात पडण्याआधीच गेले. तासाला 3 ब्लाइंड कमावणारा, म्हणजे चांगलाच खेळाडू, नुसते तेवढे भरून काढायला तेरा तासांहून अधिक बसेल. त्यात रेक, म्हणजे डावातल्या पैशांतून कॅसिनो कापून घेतो तो हिस्सा, आलाच. रेकच्या बाबतीत मात्र वर जाण्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: कमाल मर्यादा दोन्ही टेबलांवर रुपयांत सारखीच असेल तर ब्लाइंडच्या हिशेबात ती वर निम्मी पडते. तेव्हा टक्का किती यापेक्षा मर्यादा किती हे विचारणे अधिक उपयोगाचे. प्राप्तिकराचेही तसेच. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सपाट 30 टक्के आणि वर उपकर, आणि हरलेले त्यातून वजा होत नाही. वर्षभरात जिंकलेल्या बैठकांची बेरीज 8 लाख आणि हरलेल्यांची 6 लाख असेल तर खिशात 2 लाख येतात, पण कर 8 लाखांवर धरला तर तो 2,49,600 होतो. ब्लाइंड दुप्पट केले की दोन्ही बेरजा फुगतात. मोठ्या टेबलाचा विचार करणाऱ्याने आधी सीएला भेटावे. हे हौसेने सांगितलेले नाही.

टेबलावरची पाटी जे सांगते तेच टेबल तिथे चालू असते असेही नाही. 100/200 वर सगळ्यांनी मिळून स्ट्रॅडल, म्हणजे तिसरा, दुप्पट ब्लाइंड, सक्तीचा केला असेल तर तो खेळ 100/200/400 चा झाला. तुमचे 20,000 आता 50 ब्लाइंडचेच आहेत. बाकीचे 60,000 किंवा 80,000 घेऊन बसले असतील तर अडचण आणखी वाढते. तुम्हाला सवय 100 ब्लाइंडची, आणि तुमचा स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्स, तिथे आखूड पडतो. पैसे मागवून त्यांच्याएवढे करावेत तर बाय-इनचा आकडाच बदलला. तसेच ओमाहाचे. एक फेरी होल्डम, एक फेरी ओमाहा असे ठरते आणि नवा माणूस भिडेने हो म्हणतो. चार पत्त्यांच्या पॉट-लिमिट ओमाहात विचलन 150 च्या आसपास जाते. वेग 5 चाच धरला तरी 8.5 टक्के धोक्यासाठी 20 ऐवजी साधारण 55 बाय-इन लागतात. भिडेपोटी बँकरोल निम्म्याहून कमी करून घेण्यात काय शहाणपण?

मन कुठे अडते ते एका हातात दिसते. तुमच्याकडे एक्का-राणी, टेबलावर राणी, नव्वी, चौकी, सत्ती आणि शेवटी दुरी. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, 3,000 चा, समोरच्याने 2,500 टाकले. तुम्ही 2,500 देऊन 8,000 च्या पॉटसाठी खेळताय, म्हणजे शंभरातून 31-32 वेळा जिंकलात तरी पुरे. खालच्या टेबलावर हा कॉल डोळे झाकून होतो. वर तोच हात, पॉट 6,000, बेट 5,000. प्रमाण तेच, पत्ते तेच. पण डोक्यात 5,000 चा किराणा आला आणि पत्ते टाकून दिले गेले, तर तुम्ही त्या टेबलाला अजून तयार नाही. उलट बाजूही आहे: हरलेले एका पॉटमध्ये परत आणायच्या घाईत तिथेच ऑल-इन होणारा.

मग वर जायचे कधी? खालच्या टेबलाचे 30 बाय-इन झाल्यावर, आमच्या उदाहरणात 3 लाखांवर. तेच वरच्या टेबलाचे 15 होतात. त्यातले तीन, म्हणजे 60,000, परीक्षेला काढा. एका दिवशी एकच बाय-इन. तो गेला की उठायचे, री-बाय नाही. टेबलही निवडून घ्यायचे: निदान दोघे असे हवेत की जे प्रत्येक फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) पैसे टाकून बघतात. नऊही जण नेहमीचे, गप्प आणि घड्याळासारखे फोल्ड करणारे असतील तर त्या दिवशी खालीच बसा. तीनही गेले तर हाताशी 2,40,000 उरतात, खालचे 24 बाय-इन, आणि खेळ विनाखंड चालू राहतो. गेलेले 60,000 खालीच खेळून पुन्हा जमवायचे आणि 3 लाख झाल्यावर नवी परीक्षा. परत खाली येण्याचा आकडा घरून निघण्याआधी कागदावर लिहिलेला असला पाहिजे. रात्री दोन वाजता टेबलावर बसून ठरवलेला आकडा दर तासाला खाली सरकतो.

याला जुना दाखलाही आहे. 2000 सालचा विश्वविजेता ख्रिस फर्ग्युसन याने 2006 मध्ये शून्य डॉलरपासून 10,000 डॉलर करायचे ठरवले आणि वर्षाहून अधिक काळ घालवून ते केले. त्याचे नियम असे: कॅश टेबलावर एकूण रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक घेऊन बसायचे नाही, मोठ्या स्पर्धेत 2 टक्के, आणि टेबलावरची रक्कम एकूण रकमेच्या 10 टक्क्यांवर गेली की पुढचा ब्लाइंड येताच उठायचे. तिसऱ्या नियमाकडे लोक दुर्लक्ष करतात. सुरुवातीचे काही महिने तर विश्वविजेत्याचे फुकटच्या स्पर्धांत चार-दोन डॉलर मिळवण्यातच गेले.

घाई असेलच तर एक मधला मार्ग आहे, तो म्हणजे हिस्सा विकणे. 100/200 वर बसताना निम्मा बाय-इन मित्राने दिला आणि नफा-तोटा निम्मा-निम्मा ठरला, तर पैशांच्या दृष्टीने तुम्ही 50/100 च खेळता आणि वरच्या लोकांचा खेळ मात्र समोर बसून बघायला मिळतो. व्यवहार आधी लिहून घ्या. कर कुणाच्या नावावर लागेल हेही.

शेवटी आपल्याला विनंती एवढीच, की अशा लेखांसोबतच्या चौकटीत ‘एका रात्रीत इतके लाख’ छापताना त्याखाली ब्लाइंड किती, बाय-इन किती झाले आणि किती तास लागले हे तीन आकडेही छापावेत. लेखकाने जिंकणाऱ्याला विचारले तर तो पहिले दोन सांगेल. तिसऱ्यासाठी त्याच्याकडे वही असावी लागेल.

आपला,
एक वाचक, ठाणे