ॲट्रॉसिटीची आकडेवारी पोलिस ठाणेनिहाय द्या

महोदय,

ॲट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील, गुन्ह्यांची जिल्हानिहाय आकडेवारी आली की मोठा आकडा असलेला जिल्हा बदनाम होतो. तिथले ठाणे अंमलदार फिर्याद घेतात, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. वर्षानुवर्षे एकही गुन्हा न नोंदवणारी ठाणी आधी तपासायला हवीत. 1995 च्या नियमांप्रमाणे अत्याचारप्रवण क्षेत्रे शासनाने हेरायची असतात; जिथे नोंदच होत नाही, ते गाव त्या यादीत येणार कसे?

आकड्यासोबत तीन तारखा मागाव्यात: घटनेची, गुन्हा दाखल झाल्याची आणि दोषारोपपत्राची. 2018 मध्ये आलेल्या कलम 18-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तरीही पहिल्या दोन तारखांत अंतर पडते. त्या दिवसांत गावात तडजोडीचा दबाव येतो, समोरच्यांची चोरीची नाहीतर विनयभंगाची फिर्याद आधी नोंदली जाते आणि पीडिताचीच तक्रार सूडाची ठरते. दोषारोपपत्राची मुदत 60 दिवसांची आहे. ते अनेकदा जातीच्या दाखल्यासाठी अडते आणि पीडिताच्या अर्थसाहाय्याचा पुढचा हप्ताही त्याच्यासोबत अडकतो.

सगळ्यात जास्त नुकसान फिर्यादीच्या मजकुरात होते. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ या ठोकळेबाज वाक्यावर खटला उभा राहत नाही. नेमके शब्द काय होते, बोलणे चावडीवर झाले की घराच्या चार भिंतींत, ऐकणारे कोण होते, हे लिहिलेले नसेल तर ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही कलम 3(1)(आर) ची अट सिद्ध करता येत नाही. आरोपी पीडिताच्या कुटुंबाला किती वर्षे ओळखतो, हेही लिहून घ्यावे. ओळख सिद्ध झाली की त्याला जात माहीत होती असे कलम 8 नुसार न्यायालय गृहीत धरते. जातीचा हेतू कागदावर पक्का नसला की काय होते, ते खैरलांजीतल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात दिसले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने 2008 मध्ये खुनासाठी शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटीचे कलम टिकले नाही.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचे असते. त्या बैठकीपुढे प्रत्येक ठाण्याचा तक्ता यावा: तिन्ही तारखा, लावलेली कलमे, गाळलेली कलमे, क्रॉस केस (समोरच्यांची उलट फिर्याद) आहे का आणि ‘ब समरी’ (फिर्याद खोटी ठरवून प्रकरण बंद करण्याचे अहवाल) किती पाठवल्या. पीडितांची नावे वगळून तोच तक्ता नागरी हक्क संरक्षण विभागाने जनतेसाठी प्रसिद्ध करावा. फिर्याद घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कलम 4 खाली किती कारवाया झाल्या, हा रकानाही त्यात हवाच.

– एक वकील, नागपूर