मॅरेथॉनचे पहिले दहा किलोमीटर आणि शेवटचे दहा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की सगळ्याच वृत्तपत्रांत मुंबई मॅरेथॉनच्या बातम्या सुरू होतात. कोणते रस्ते किती वाजेपर्यंत बंद राहणार, कोणते परदेशी धावपटू येणार, कोणते कलाकार हजेरी लावणार, हे सारे आपल्या अंकातही दरवर्षी सविस्तर येते आणि ते यायलाही हवे. परंतु चार-पाच महिने पहाटे उठून, नोकरी आणि घर सांभाळून, आयुष्यात पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर धावायला निघालेल्या हजारो सामान्य माणसांच्या हाती जे पडायला हवे, ते त्या पानांत क्वचितच सापडते. मी गेली अकरा वर्षे ठाण्यात येऊरच्या रस्त्यावर आणि उपवनच्या आसपास सराव करते, आमच्या सकाळच्या गटात दरवर्षी काही जण नव्याने पूर्ण मॅरेथॉनची तयारी करतात, आणि त्यातल्या बहुतेकांची शर्यत दोनच ठिकाणी बिघडताना मी पाहिली आहे: शर्यतीच्या पहिल्या दहा किलोमीटरमध्ये आणि त्याआधीच्या शेवटच्या दहा दिवसांत. म्हणून हे पत्र.

आधी माझीच चूक सांगते. माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन मुंबईतलीच होती. सरावाचा हिशेब पाहता पावणेपाच तास हे माझ्या आवाक्यातले लक्ष्य होते, म्हणजे दर किलोमीटरला ६ मिनिटे ४५ सेकंद. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो तेव्हा अजून अंधार होता, हवेत गारवा होता, बाजूला ढोल वाजत होते आणि दोन्हीकडून माणसे पुढे जात होती. मरीन ड्राइव्हवर घड्याळात पाहिले तर वेग ६ मिनिटे १० सेकंद दिसत होता, आणि श्वास इतका शांत होता की मी आपल्या तब्येतीवर खूश झाले. त्या वेगाने दहा किलोमीटरमध्ये मी जवळपास सहा मिनिटे कमावली. एकविसाव्या किलोमीटरलाही सारे ठीक होते. तेहतिसाव्या किलोमीटरच्या सुमारास डाव्या पोटरीत गोळा आला, मग उजव्या. हाजी अली ओलांडून पेडर रोडचा चढ समोर आला तेव्हा मी पदपथाच्या कडेला बसले होते, आणि तिथल्या एका इमारतीतल्या आजी मीठ लावलेली संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवत म्हणत होत्या, ‘‘आधी हे खा, मग उठ.’’ मी उठले, चालत-धावत शर्यत पूर्ण केली. वेळ लागला ५ तास २७ मिनिटे. सहा मिनिटे कमावण्यापायी बेचाळीस मिनिटे गेली, आणि त्यानंतरचे चार दिवस मी जिना उलट्या तोंडाने उतरत होते.

ही चूक अडाणीपणामुळे होते असे नाही. ‘सुरुवातीला सावकाश धावा’ हे वाक्य मला पाठ होते, आमच्या गटातल्या प्रत्येकाला असते. अडचण अशी की सुरुवातीला सावकाश म्हणजे नेमके किती, हे त्या क्षणी शरीर सांगू शकत नाही. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव कमी केलेला असतो. ज्याला आम्ही टेपर म्हणतो त्या काळात पायांतला थकवा निघून गेलेला असतो. त्यामुळे सरावात दमवणारा वेग त्या पहाटे सहज वाटतो. त्यात भर गर्दीच्या उत्साहाची, अंधाराची आणि गारव्याची. म्हणजे तयारी जितकी चांगली झालेली, तितकी पहिल्या तासात फसगत होण्याची शक्यता जास्त. म्हणूनच ‘शरीराचे ऐका’ हा एरवी योग्य असणारा सल्ला पहिल्या दहा किलोमीटरपुरता बाजूला ठेवावा आणि आधी ठरवलेला आकडाच पाळावा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्या टप्प्यात तो वेग कंटाळवाणा वाटला पाहिजे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे.

यामागचे कारण साध्या गणिताचे आहे आणि ते छापले गेले तर लोक ऐकतील असे मला वाटते. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण अंतरासाठी अडीच हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन मात्र ढोबळमानाने दोन हजार कॅलरींपर्यंतच पुरते. उरलेली ऊर्जा चरबीतून यावी लागते, आणि चरबी जळण्याचा वेग मंद असतो. आपण जितके जोरात धावू तितका ग्लायकोजेनचा वाटा वाढतो आणि चरबीचा घटतो. म्हणून पहिल्या तासात उधळलेले ग्लायकोजेन नंतर सावकाश धावून परत मिळत नाही, आणि तिसाव्या किलोमीटरच्या पुढे धावपटू ज्याला ‘वॉल’ म्हणतात ती भिंत समोर उभी राहते. केल्व्हिन किप्टमने २०२३ साली शिकागोत २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६० मिनिटे ४८ सेकंदांचा होता आणि दुसरा ५९ मिनिटे ४७ सेकंदांचा. आपली त्याच्याशी बरोबरी नाही. परंतु जगातल्या सर्वांत वेगवान माणसानेही पहिल्या भागात हात राखला होता, एवढे नवख्याने ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मुंबईत तर हा हात राखणे अधिकच गरजेचे आहे. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पहाटे निघालेल्या आणि पाच तास लागणाऱ्या धावपटूचा शेवटचा दीड-दोन तासांचा, म्हणजे सर्वांत कठीण, भाग पूर्ण उन्हात आणि दमट हवेत जातो. त्यामुळे दुसरा अर्धा भाग पहिल्याहून वेगाने धावणे इथे अवघड असते. तो पहिल्याएवढाच झाला तरी उत्तम. मार्ग अधूनमधून बदलतो, पण मी धावले त्या वर्षांत पेडर रोडचा चढ जाताना एकदा आणि परतताना पुन्हा लागत असे. परतीचा तो चढ पस्तीसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे असल्यामुळे सगळे त्याचीच धास्ती घेतात, आणि जातानाचा चढ मात्र ताज्या पायांनी धावत सुटतात. चढावर घड्याळातला वेग राखायचा नसतो, श्वास राखायचा असतो. दहा-पंधरा सेकंद जास्त लागले तर लागू द्यावेत. सागरी सेतूवरही असेच होते. एरवी पायी जायला बंदी असलेल्या त्या साडेपाच किलोमीटरच्या पुलावर पाऊल ठेवले की माणूस हरखून जातो आणि नकळत वेग वाढवतो.

घड्याळाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत भरकटतो, शिवाय अंतर मोजले जाते ते वळणांच्या आतल्या, सर्वांत जवळच्या रेषेने, आणि गर्दीत कोणीच तसे धावू शकत नाही. परिणामी शर्यत संपते तेव्हा घड्याळात बेचाळीसच्या पुढे आणखी अर्धा किलोमीटर सहज दिसतो. घड्याळाच्या भरवशावर ठरवलेली वेळ शेवटी तीन-चार मिनिटांनी हुकते ती यामुळे. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या पाहून हिशेब करणे अधिक खात्रीचे आहे.

पेसर हा खरे तर यावरचा उत्तम उपाय. झेंडा किंवा फुगा घेऊन ठरावीक वेळेत धावणारा अनुभवी माणूस आणि त्याच्यामागे चालणारी ‘बस’ ही कल्पना मला मनापासून आवडते. पण एका शर्यतीत (मुंबईबाहेरच्या) पावणेपाच तासांच्या पेसरने पहिले पाच किलोमीटर दर किलोमीटरला ६ मिनिटे १५ सेकंदांनी नेले. नंतर विचारले तेव्हा ‘पुढे उपयोगी पडावा म्हणून वेळ साठवून ठेवला’ असे उत्तर मिळाले. त्या बसमध्ये सुरुवातीला तीसेक जण होते, पस्तीसाव्या किलोमीटरला पेसर आणि दोघे उरले. दुसरी गफलत चिपच्या वेळेची, म्हणजे धावपटूने स्वतः आरंभरेषा ओलांडल्यापासून मोजल्या जाणाऱ्या वेळेची. पेसर शर्यत सुटल्याच्या तोफेच्या वेळेवर धावतो की आरंभरेषा ओलांडल्याच्या वेळेवर, हे मागे उभ्या असलेल्यांना ठाऊक नसते, आणि चार मिनिटे उशिरा रेषा ओलांडणारे लोक त्याला गाठण्यासाठी पहिल्याच टप्प्यात पळत सुटतात. सर्वच आयोजकांना माझी विनंती आहे की प्रत्येक पेसरचे पाच-पाच किलोमीटरचे नियोजन आणि त्याची वेळ कुठून मोजली जाणार, हे आठवडाभर आधी जाहीर करावे.

आता शेवटचे दहा दिवस. या काळात नवी ताकद कमावता येत नाही, असलेली मात्र घालवता येते. राहून गेलेला लांब पल्ल्याचा सराव आठवडाभर आधी उरकणारे दरवर्षी भेटतात; तो सराव बुडाला तर बुडू द्यावा. अंतर निम्म्यावर आणावे, पण अधूनमधून एक-दोन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने धावावेत, म्हणजे तो वेग पायांत राहतो. नवे बूट, नवे मोजे, शर्यतीच्या किटमध्ये मिळालेला नवा टी-शर्ट, यांपैकी काहीही त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नये. घामाने ओल्या शिवणीने काखेची आणि मांड्यांची साल निघते तेव्हा शेवटचे दहा किलोमीटर नकोसे होतात. व्हॅसलीन हा त्यावरचा दहा रुपयांचा उपाय आहे.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक खास अडचण येते, ती संक्रांतीची. मॅरेथॉनच्या आधीच्या आठवड्यात, किंवा अगदी तोंडावर, घरोघरी तिळगूळ, गुळाची पोळी आणि वर तूप असते. सणाला नको म्हणावे असे मी म्हणणार नाही, पण शेवटचे दोन दिवस तूप-तीळ-शेंगदाण्याचे पदार्थ, उसळी आणि कोशिंबिरी कमी करून मऊ भात, उकडलेला बटाटा, पोहे, केळी असे साधे पिष्टमय अन्न नेहमीपेक्षा जास्त घ्यावे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवते, त्यामुळे वजन किलो-दीड किलोने वाढलेले दिसेल. ते पाहून घाबरून जेवण तोडणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. आदल्या रात्री मात्र पोटभर जेवणाची मेजवानी नको; भरपेट खायचे ते आदल्या दुपारी. बिब (छातीवर लावायचा क्रमांक) आणायला शनिवारी जाऊन प्रदर्शनात तीन तास उभे राहण्यापेक्षा आधीच जाऊन यावे. आदल्या रात्री झोप लागत नाहीच, त्यामुळे शुक्रवारी रात्रीची झोप जपावी.

पाण्याविषयी थोडे गंभीरपणे लिहिते. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सरसकट देणे बरोबर नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेले आढळले, आणि त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढण्याइतके पाणी पिणारे, तसेच चार तासांहून अधिक वेळ घेणारे प्रामुख्याने होते. म्हणजे हा धोका पहिल्या फळीतल्यांना नाही, आमच्यासारख्यांना आहे. तहानेप्रमाणे, घोट-घोट, मीठ-साखर असलेले पेय अधूनमधून घेत जावे. आणि शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची जी पद्धत रुजते आहे, ती थांबली पाहिजे. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. दुखत असेल तर ते आपल्याला कळले पाहिजे.

दोन वर्षांनी मी पुन्हा त्याच रस्त्यावर उतरले. डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेनने चार ओळी लिहिल्या होत्या: ५ – ०:३४, १० – १:०८, २१ – २:२२, ३० – ३:२२. मरीन ड्राइव्हवर शेकडो माणसे मला मागे टाकून गेली आणि ते सोसणे त्या दिवशीचे सर्वांत कठीण काम होते. वरळीपर्यंत घामाने पहिल्या दोन ओळी पुसल्या गेल्या, पण तोवर त्यांचे काम झाले होते. पेडर रोडच्या परतीच्या चढावर मी धावत होते. सावकाश, पण धावत. पहिला अर्धा भाग २ तास २२ मिनिटांचा झाला होता, दुसरा २ तास २१ मिनिटांचा.

आपणास विनंती अशी की यंदा मॅरेथॉनच्या पुरवणीत रस्ते बंद असल्याच्या नकाशाशेजारीच चढ-उतार दाखवणारा नकाशा आणि वेगाचे एक छोटे कोष्टक छापावे: चार तासांसाठी दर किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद, साडेचारसाठी ६:२४, पावणेपाचसाठी ६:४५, पाचसाठी ७:०७, आणि प्रत्येकासमोर पाच, दहा, एकवीस व तीस किलोमीटरची वेळ. ते रविवारी न छापता निदान गुरुवारी छापावे, म्हणजे ज्याला हवे त्याला आपला आकडा ठरवायला वेळ मिळेल. आमच्या गटातून यंदा सहा जण पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावत आहेत. त्यात एक रिक्षाचालक आहे, दोन परिचारिका आहेत, आणि सगळे सकाळच्या सरावानंतर चहाच्या टपरीवर आपलाच अंक वाचतात. कोष्टक आले तर मी ते कापून सहाही जणांच्या हाती देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, ठाणे