अर्धं पान

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय वैशाली,

फोनवर तुला माझ्या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राबद्दल नुसतं "रीडर गेला" एवढंच सांगितलं आणि तू म्हणालीस, "अगं, मग नवा घे." तेव्हा दारात दूधवाला उभा होता, बोलता आलं नाही. आज निवांत लिहिते.

गेल्या मंगळवारी कोपरखैरण्याहून संध्याकाळची गाडी पकडली. घणसोलीला मोठा लोंढा आत आला आणि माझी पर्स दाराजवळच्या दांड्यावर दाबली गेली. ठाण्याला दहा नंबरवर उतरले तोवर काही कळलं नव्हतं. घरी येऊन रीडर काढला, तर वरचं अर्धं पान जसंच्या तसं आणि खाली नुसत्या काळ्या-करड्या रेघा. बटण दाबलं, तासभर चार्जिंगला लावला, काही हललं नाही.

माझ्या डोळ्यांचं तुला नव्याने काय सांगू? कॉलेजात फळ्यावरचं तूच वाचून दाखवायचीस. नंबर उणे तेरा. चष्मा काढून पुस्तक नाकापासून चार बोटांवर धरलं की अक्षर स्वच्छ दिसायचं, तसंच वाचत आले. चाळिशी लागली आणि चष्मा लावून जवळचं दिसेना. काढावा तर पुन्हा तीच चार बोटं, मान अवघडलेली, आणि गाडीत समोरच्या बाईची नजर. माझं वाचन तेव्हा जवळजवळ सुटलंच होतं. मग 2014 साली आपण दोघींनी एकसारखे रीडर घेतले. तू महिन्याभरात कागदाकडे परत गेलीस. मी मात्र अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम दहा ओळी मावायच्या, आणि चष्मा लावून, रीडर मांडीवर ठेवून, ताठ बसून वाचू लागले. दर मिनिटाला पान उलटावं लागे, पण त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशनं मागे पडायची आणि मी चारचौघींसारखी वाचत असायचे. नवा घ्यायचाच आहे, पण जुलैत मनूची फी भरली, त्यामुळे दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

जुना रीडर थकला होता हे दिसत होतंच. पूर्वी एकदा चार्ज केला की तीन आठवडे बघावं लागत नसे. अलीकडे तिसऱ्या दिवशी मान टाकायचा. चार्जिंगची पिन सैल झाली होती, म्हणून वायर रबरबँडने बांधून रात्रभर ठेवायची. सगळं सांभाळून घेतलं गं, आजारी माणसाचं घ्यावं तसं.

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो, त्याला दाखवला. म्हणाला, बॅटरी कुठूनही मिळवून देतो, पण पडद्याच्या मागे पातळ काच असते, तीच तडकलीय. अख्खा पडदा बदलावा लागेल आणि त्या पैशात थोडी भर घातली की नवा येईल. पैसे घेतले नाहीत. ते अर्धं पान का टिकून आहे, हेही त्याने समजावलं. आत केसाएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. वीज फक्त पान उलटताना लागते. कण एकदा जागेवर बसले की विजेशिवाय तिथेच राहतात. म्हणून आज पाचवा दिवस, बॅटरी संपली तरी त्याच पाच ओळी दिसतायत. मी त्या रोज वाचते. सहावी ओळ काय होती ते आठवत नाही आणि त्याने जीव कासावीस होतो.

फोनवर वाचून पाहिलं. अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात, त्यात मेसेज येत राहतात. काल मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. 1893 पासूनची संस्था, आणि मी किती वर्षांनी पायरी चढले! एक जुनी कादंबरी घेऊन कोपऱ्यात बसले, चष्मा काढला. तासाभरात अकरा पानं झाली आणि मान भरून आली. पण त्या पिवळ्या कागदाचा वास नाकाशीच होता, तो मला हवासा वाटला हे तुला मुद्दाम सांगते. तू कायम हेच म्हणायचीस.

एक बरं झालं. शेजारच्या मुलाने रीडर कॉम्प्युटरला जोडला तर आतलं सगळं शाबूत निघालं. पुस्तकं आणि मी अधोरेखित केलेली वाक्यंही, सगळी एका साध्या फाइलमध्ये. त्याने 'कॅलिबर' नावाचा फुकट प्रोग्राम टाकून दिलाय. कोविद गोयल यांनी 2006 साली तो सुरू केला. त्यात पुस्तकाचा प्रकार बदलता येतो. आपल्या ठाण्याच्या ई साहित्य प्रतिष्ठानची पीडीएफ पुस्तकं माझ्याकडे कितीतरी आहेत, पण पीडीएफचं पान सहा इंचांत आलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. ईपब नावाच्या प्रकारात बदललं की हवी तेवढी मोठी करता येतात. काही जुन्या फाइलींत मात्र फॉन्ट वेगळा असतो, त्यांची नुसती अगम्य चिन्हं होतात. त्या बाजूला ठेवल्यात, सावकाश बघेन.

आता मागणं. तुझा रीडर माळ्यावरच्या निळ्या पेटीत असावा, 2019 च्या गणपतीत मी पाहिला होता. आधी आतल्या बॅटरीमुळे त्याची पाठ फुगलीय का ते बघ. फुगली असेल तर चार्जरला अजिबात लावू नकोस. सपाट असेल तर रात्रभर लाव. इतकी वर्षं पडून आहे, लगेच जागा होणार नाही, घाई करू नकोस. चालू झाला तर कुरिअरने पाठव, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून, पडद्यावर भार येणार नाही असा. दिवाळीनंतर तुझा तुला परत.

आईंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
शुभा