पुढचा लाइट रस्त्यात अचानक विझल्याबद्दल आणि खोक्यावरील ‘चार तास’ या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ८०० लुमेनचा सायकल-लाइट कोणतीही सूचना न देता बंद पडणे व चालण्याच्या वेळेबाबत चुकीची माहिती

महोदय,

तुमच्या कंपनीचा ८०० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचे माप) सायकलचा पुढचा लाइट मी सात आठवड्यांपूर्वी घेतला. या संदर्भात तुमच्या ग्राहक सेवेशी माझा तीन वेळा पत्रव्यवहार झाला. तिन्ही वेळा उत्तर आले, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर आले नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कृपया ते लाइटची बॅटरी आणि सर्किट ठरवणाऱ्या विभागापर्यंत पोहोचवावे.

मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात विद्युत देखभालीचे काम करतो, कायम रात्रपाळीत. जायला १८ किलोमीटर, यायला १८ किलोमीटर, दोन्ही प्रवास अंधारातच. निम्म्याहून जास्त रस्त्यावर दिवे नाहीत. एका बाजूला पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे एका रात्रीत साधारण पावणेदोन तास लाइट चालू हवा. कामावर चार्जिंगला लावता येतो, पण मशीन बंद पडले तर रात्रभर खाली बसायलाही मिळत नाही, लाइटची आठवण कुठून राहणार! त्यामुळे एका चार्जिंगमध्ये दोन्ही प्रवास आरामात व्हावेत एवढीच माझी अट होती. तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८०० लुमेन – ४ तास’ असे छापले आहे. ते वाचूनच मी हा लाइट निवडला.

पाचव्या आठवड्यात तो रस्त्यातच विझला. त्या रात्री निघताना बॅटरी पूर्ण भरलेली होती. पहाटे चार वाजता पाळी संपवून परत निघालो तेव्हा बॅटरीचा खुणेचा दिवा हिरवा होता, उतार सुरू होण्याआधी पाहिला तेव्हाही हिरवाच होता. उताराच्या मध्यावर, वळणात, लाइट एका क्षणात पूर्ण विझला. आधी मंद झाला नाही, लुकलुकला नाही. माझा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असावा. या वेगाला सायकल एका सेकंदात आठ मीटरहून जास्त अंतर कापते, आणि प्रखर उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना अंधारात दिसू लागायला एक सेकंद अजिबात पुरत नाही. पुढचे चाक डांबरावरून खडीत उतरले आणि मी पडलो. कोपर सोलवटले, मनगट दहा दिवस सुजलेले होते. माझ्या मागे माझा सहकारी येत होता. माझा मागचा लाल दिवा वेगळ्या बनावटीचा आणि चालू होता, तो खाली जाताना दिसला म्हणून त्याला ब्रेक मारता आला. पुढून काही येत नव्हते, म्हणून आज हे पत्र लिहू शकतो आहे.

आता तुमची तीन उत्तरे. पहिल्यात मला बॅटरी पूर्ण चार्ज करण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्यात चार तास ही वेळ ‘आदर्श परिस्थितीत’ मोजली असल्याचे लिहिले होते. तिसऱ्यात, लाइट आदळलेला असल्याने तो वॉरंटीत बसत नाही असे कळवले. उत्तरे देणारी मंडळी सौजन्याने बोलली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या तिसऱ्या उत्तराने मला फार वाईट वाटले. मी पडलो म्हणून लाइट बंद पडला नाही, लाइट बंद पडला म्हणून मी पडलो. लाइट फुटलेला नाही, आजही लागतो. तो लागतो म्हणूनच मला पुढची चाचणी करता आली.

खोलीत पूर्ण अंधार करून लाइट भिंतीसमोर ठेवला, रस्त्यावरच्या वाऱ्यासारखा गारवा मिळावा म्हणून समोर टेबलफॅन लावला आणि ठरलेल्या जागी ठेवलेल्या मोबाइलच्या सेन्सरवर दर पाच मिनिटांनी उजेडाची नोंद घेतली. मोबाइलचा सेन्सर खरे लुमेन सांगत नाही हे मला माहीत आहे, पण सुरुवातीच्या तुलनेत उजेड किती उरला एवढे त्यावरून नक्की कळते. सुमारे १२ मिनिटे उजेड पूर्ण होता. मग तो ७० टक्क्यांच्या आसपास उतरला. एलईडी तापू नये म्हणून सर्किट करंट कमी करते, ते योग्यच आहे. त्या पातळीवर तो टिकून राहिला आणि १ तास ३१ मिनिटांनी एकदम शून्यावर आला. दुसऱ्या वेळी १ तास २८ मिनिटे. माझ्याच सांगण्यावरून सहकाऱ्याने हाच लाइट घेतला होता, त्याचाही तपासला: १ तास ३४ मिनिटे. म्हणजे माझाच नग सदोष निघाला असे म्हणायला जागा नाही. लाइट विझण्याच्या किती वेळ आधी खुणेचा दिवा हिरव्याचा लाल होतो, तेही पाहिले. तिन्ही चाचण्यांत ते एकदाही दीड मिनिटाच्या वर गेले नाही.

खरे तर यासाठी चाचणीचीही गरज नव्हती. लाइटच्या पोटावर तुम्हीच २६०० एमएएच, ३.६ व्होल्ट असे छापले आहे. गुणाकार केला (२.६ × ३.६) की ९.४ वॅट-तास होतात, ही बॅटरीतली एकूण ऊर्जा. लेन्स आणि सर्किटमधली घट धरून चांगल्या लाइटला एका वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात. म्हणजे ८०० लुमेनला ८ वॅट, आणि चार तासांना ३२ वॅट-तास. उदार होऊन वॅटमागे १५० लुमेन धरले तरी २१ लागतात. ९.४ वॅट-तासांची बॅटरी ते कुठून देणार? आदर्श परिस्थितीतही हे शक्य नाही. खोके छापण्याआधी हा हिशेब तुमच्याकडे कोणीतरी नक्कीच केला असणार.

वेळ मानकानुसार मोजली असल्याचेही तुम्ही लिहिले होते. टॉर्चसाठीचे एएनएसआय एफएल १ हे मानक मी वाचलेले आहे. त्यात चालण्याची वेळ म्हणजे लाइट लावल्यानंतर ३० सेकंदांनी जेवढा उजेड असेल, त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतची वेळ. या रीतीने ८०० लुमेनचा लाइट शेवटी ८० लुमेनवर आलेला असला तरी ती वेळ धरली जाते. सायकलस्वाराला हे समजायला हवे, म्हणून दर पातळीवर उजेड किती वेळात किती उतरतो याचा आलेख खोक्यावर किंवा पुस्तिकेत असायला हवा. तुमचा लाइट मात्र या सैल मोजमापातही चार तासांच्या जवळपास पोहोचत नाही.

उजेडाच्या झोताबद्दल थोडक्यात. तो टॉर्चसारखा गोल आहे, वर कापलेला नाही, त्यामुळे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. जर्मनीत सायकलच्या दिव्याने समोरच्याला दिपवू नये असा नियम आहे आणि तिथले दिवे झोत वरच्या बाजूला कापूनच बनवतात. मी लाइट खाली झुकवून काम भागवत होतो. ही तक्रार दुय्यम आहे, पण नव्या मॉडेलमध्ये विचार व्हावा.

मुख्य तक्रार अचानक विझण्याची आहे. मी वीस वर्षे चाकाला घासणारा डायनॅमो वापरला. त्याचा उजेड तुमच्या लाइटच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, पण वेग कमी झाला की तो मंद व्हायचा आणि थांबलो की जायचा. उजेड कधी जाणार हे पायांना कळायचे. बॅटरी फार रिकामी होऊ नये म्हणून सर्किटने तिचा पुरवठा तोडणे आवश्यक असते, हे मला मान्य आहे. पण तोडण्याआधी थोडी राखून ठेवणे अवघड नाही. ५० लुमेनला अर्धा वॅट लागतो. अर्धा तास तेवढाच उजेड द्यायला पाव वॅट-तास, म्हणजे तुमच्याच बॅटरीच्या तीन टक्क्यांहून कमी. एवढी राखीव ठेवली असती, तर त्या उतारावर माझा लाइट मंद झाला असता, मी वेग कमी केला असता आणि हळूहळू घरी पोहोचलो असतो.

तेव्हा माझी मागणी अशी. माझ्या आणि सहकाऱ्याच्या लाइटची पूर्ण रक्कम परत मिळावी. त्याच मॉडेलचा बदली लाइट आम्हाला नको. खोक्यावरचा आणि जाहिरातींतला ‘४ तास’ हा दावा काढून प्रत्येक पातळीची मोजलेली वेळ द्यावी. ज्यांनी हा लाइट आधीच घेतला आहे त्यांना तो सर्वांत प्रखर पातळीवर साधारण दीड तासच चालतो आणि सूचना न देता विझतो, हे कळवावे. नोंदणीसाठी आमचे सर्वांचे संपर्क तुम्ही घेतलेलेच आहेत. माझ्यासारखे रात्रपाळीचे लोक त्यांत नक्की असतील, आणि ते आजही त्या आकड्याच्या भरवशावर निघत असतील. राखीव उजेडाच्या सूचनेवर तुमच्या तांत्रिक विभागाचे उत्तर मला हवे आहे. ते शक्य नसेल तर का शक्य नाही, हे कळवावे.

तिन्ही चाचण्यांच्या नोंदी, खरेदीची पावती आणि खोक्याचे व लाइटचे फोटो सोबत जोडले आहेत. तुमच्या प्रयोगशाळेला तपासणीसाठी हवा असेल तर लाइट पाठवायला मी तयार आहे, मात्र पोच आणि तपासणीचा लेखी अहवाल मिळावा. सध्या मी जुना डायनॅमो पुन्हा बसवून जातो-येतो आहे. पंधरा दिवसांत उत्तराची वाट पाहतो, त्यानंतर ग्राहक आयोगाकडे जाईन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक

सोबत: चाचणीच्या नोंदी (तीन), पावतीची प्रत, फोटो