नाल्यात कल्चर ओतून भागणार नाही

माननीय संपादक,

प्लास्टिक पचवणाऱ्या जिवाणूंच्या बातम्या आल्या की नाल्यात 'कल्चर'चे, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंच्या द्रावणाचे, ड्रम ओतण्याची मागणी जोर धरते. जपानमधल्या साकाई येथे सापडलेला इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू २०१६ साली जगापुढे आला. तो पेट (बाटल्यांचे) प्लास्टिक खातो हे खरेच, पण ३० अंश तापमानाला पातळ फिल्म संपवायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. शिवाय सांडपाण्यातला प्रश्न बाटलीच्या तुकड्यांपुरता नाही. मऊ पीव्हीसीतून सुटणारे डीईएचपीसारखे थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) आणि पॉलिकार्बोनेट व इपॉक्सीतून येणारा बिसफेनॉल-ए यांच्याशी या जिवाणूचा संबंध नाही.

ते काम करणारे जिवाणू वेगळे, आणि ते विकत आणावे लागत नाहीत. स्यूडोमोनास, रोडोकोकस, स्फिंगोमोनास ही मंडळी प्रक्रिया केंद्राच्या गाळात सापडतातच. थॅलेटचे एस्टर बंध आधी तुटतात, मग थॅलिक आम्ल बनते, आणि शेवटी त्याच्या रेणूतले वलय फुटते. हवा सोडलेल्या (एरेशन) टाकीत वलय फोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) विरघळलेला ऑक्सिजन लागतो. वीज वाचवायला रात्री हवा सोडणारा ब्लोअर बंद केला की काम अर्ध्यावर थांबते. अर्धवट तुटलेला डीईएचपी, म्हणजे त्याचा मोनोएस्टर, प्रजननसंस्थेला मूळ रसायनापेक्षा जास्त घातक असतो. बिसफेनॉल-ए तर ऑक्सिजनशिवाय जवळजवळ हलतच नाही. म्हणून एरेशन टाकीत डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये, रात्रीसुद्धा.

नाल्यात ओतलेले कल्चर टिकत का नाही? ही रसायने लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असतात, तेवढ्यावर जिवाणूचे पोट भरत नाही. तो जगतो सांडपाण्यातल्या इतर अन्नावर आणि ही रसायने जाता जाता फोडतो. बाहेरून आणलेला जिवाणू एक तर प्रवाहाबरोबर वाहून जातो, नाही तर प्रोटोझोआ (एकपेशी सूक्ष्मजीव) त्याला खाऊन टाकतात. त्यापेक्षा टाकीतला गाळ पुरेसे दिवस टाकीतच ठेवावा, कारण हे जिवाणू सावकाश वाढतात. गाळाचे वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी राहतो ते दिवस, निदान १० हवे, १५ असेल तर उत्तम.

हिशेब अवघड नाही. सोसायटीची एरेशन टाकी ५० घनमीटरची आणि एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) लिटरला ३,५०० मिलिग्रॅम असेल, तर टाकीत १७५ किलो गाळ आहे. १५ दिवसांचे वय राखायचे तर रोज १२ किलोपेक्षा जास्त काढू नये. काढायच्या गाळाची घनता घनमीटरला ८ किलो असेल तर हा झाला दीड घनमीटर. शुद्ध झालेल्या पाण्याबरोबर निसटणारा गाळही याच १२ किलोत धरायचा. बऱ्याच ठिकाणी टँकर आला की टाकी निम्मी रिकामी करतात, आणि पुढचे कित्येक दिवस हे जिवाणू पुरेसे नसतात.

क्लोरीन शेवटीच. जैविक टप्प्यात बिसफेनॉल-ए संपला नसेल तर क्लोरीनशी त्याची संयुगे बनतात आणि ती फोडणे आणखी कठीण जाते.

डीईएचपी पाण्यात फारसा विरघळत नाही, तो गाळाला चिकटतो. त्यामुळे पाणी स्वच्छ दिसले तरी तो गाळातून बागेत पोहोचू शकतो. गाळ नुसता वाळवून झाडांना घालू नये. हवा खेळती ठेवून, उलथापालथ करत कंपोस्ट केला तर डीईएचपी बराच घटतो.

सगळ्यात मोठी चूक तपासणीत होते. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे एकूण माप) लिटरला ५० मिलिग्रॅम आला म्हणून समाधान मानायचे नाही. त्यात १० मायक्रोग्रॅम थॅलेट दिसणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात डीईएचपीची मर्यादा लिटरला ८ मायक्रोग्रॅम सुचवली आहे, युरोपीय संघाने बिसफेनॉल-एची २.५ ठरवली आहे. इतके कमी प्रमाण जीसी-एमएससारख्या यंत्रावरच कळते. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतला तर बाटलीतलेच थॅलेट मोजले जाण्याचा धोका असतो. भट्टीत ४०० अंशाला भाजलेली काचेची बाटली, टेफ्लॉनचे अस्तर असलेले झाकण, व्हिनाइलचे हातमोजे नाहीत, आणि नमुना ४ अंशाला ठेवायचा. सोबत शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली तशीच हाताळून पाठवायची, म्हणजे बाहेरून किती थॅलेट मिसळले ते कळते. या कोऱ्या बाटलीचा आकडा अहवालात नसेल, तर कल्चर पुरवठादाराचे बिल पालिकांनी मंजूर करू नये.

आपला,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील एक वाचक